यादीतलं अकरावं दुखणं

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द मनावर घे, शरीरावर घेऊ नकोस. माझी कंबर सध्या नमस्कारापुरतीही वाकत नाही.) तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करते. गुडघा काय म्हणतो? सकाळच्या गोळ्या वेळेवर घेतोस, की अजून वहिनीचा आवाज चढल्यावरच घेतोस? दुपारी एक ते चार झोपायचा नेम चालू असेलच. त्या वेळात तू दाराची घंटासुद्धा बटण दाबून बंद ठेवतोस, आणि जगबुडी आली तरी तुला उठवायचं नाही अशी घरात ताकीद आहे, हे मी अजून विसरलेले नाही. अंगणातल्या कण्हेरीला पाणी कमी पडत असणार, खालची पानं पिवळी झाली असतील. फाटकाची वरची बिजागरी गंजली असेल. हे सगळं मी अंदाजानं लिहितेय असं तूर्त समज. वहिनीला नमस्कार सांग असं लिहिणार होते, पण राहू दे.

सात महिन्यांत मी तुला पत्र लिहिलं नाही की फोन केला नाही. तूही केला नाहीस, एक यादी धाडलीस तेवढी सोडून. त्याचं कारण आपल्या दोघांना पक्कं ठाऊक आहे, पण तू ते नेहमी तुझ्या बाजूनं सांगतोस, म्हणून एकदा माझ्या बाजूनं कागदावर राहू दे. तुझ्या पासष्टाव्या वाढदिवसाचं जेवण झालं, पाहुणे अंगणात खुर्च्या टाकून बसले आणि मी घरी निघायचं म्हणून पिकअपची चावी फिरवली. पिकअप "टक्" म्हणाली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. मग तुझे पाहुणे उठले. ज्यांच्या हाताखाली तू पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासलास ते तुझे साहेब फिक्या रंगाचा सूट घालून आले होते, आणि मागच्या फळीला पहिला हात त्यांनीच लावला. गाडी सुरू झाली. सुरू होताना तिनं जो काळा ढग सोडला तो मात्र सगळाच्या सगळा साहेबांच्या पोटावर बसला. माणूस मनानं मोठा, तो हसला. तू हसला नाहीस. सगळे ढकलत होते तेव्हा तू पायरीवर हात मागे बांधून उभा होतास. (हे वाक्य लक्षात ठेव, मला पुढे त्याच्याशी काम आहे.)

आणि मग तू सगळ्यांच्या देखत बोललास. "ही बावीस वर्षांची गाडी येत्या तपासणीत पास झाली नाही, तर तू रोपवाटिका बंद करायची आणि आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला यायचं. आणि पास होऊन ही पुन्हा कधी माझ्या फाटकापर्यंत पोचलीच, तर मी हिला स्वतःच्या हातानं धुईन." मी रागाच्या भरात हो म्हणाले. मला तेव्हा कोणी शेजारच्या देशात राहायला ये म्हटलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

घरी आल्यावर डोकं शांत झालं आणि मी हिशेब मांडला. दादा, रोपवाटिका म्हणजे दोन हिरव्या जाळ्या, एक विहीर, चार हजार रोपं आणि ही पिकअप. यातली पिकअप काढली तर बाकी सगळं जागच्या जागी उभं राहून सुकणार, कारण झाडं घ्यायला लोक येत नाहीत, झाडं लोकांकडे न्यावी लागतात. शिवाय नव्या इस्पितळाच्या बागेचं काम मला मिळालेलं, सहाशे झुडपं, आणि त्यांची अट एकच की माल कागदपत्रं चोख असलेल्या गाडीतून यावा. तुझ्या शेजारचा फ्लॅट मी पाहिलाय. छान आहे. त्याला एक खिडकी आहे आणि तिच्यात तीन कुंड्या बसतात. मी त्या दिवशी मोजल्या होत्या. चार हजारांतल्या तीन कुठल्या ठेवायच्या याचा मी तीन रात्री विचार केला, आणि चौथ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजात नेऊन उभी केली.

त्याच सुमारास तुझी यादी आली. टाइप केलेली, अकरा कलमं, प्रत्येकासमोर अंदाजे खर्च, खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा. रेडिएटर गळतो, क्लचप्लेट संपली, डावीकडचे स्प्रिंगचे पाटे बसले, पुढच्या चाकाचं बेअरिंग घुमतं, ब्रेक किंचाळतात, हँडब्रेक सैल, इंजेक्टर खराब म्हणून धूर, सायलेन्सर फुटका, हौद्याचा पत्रा गंजलेला, स्टिअरिंग ढिलं, आणि अकरावं दुखणं स्टार्टर. एकूण त्र्याऐंशी हजार. त्याखाली "गाडीची आजची किंमत : चाळीस हजार" आणि त्याखाली एकच शब्द, "विका". मला अहो-जाहो करणारं हे तुझं आयुष्यातलं पहिलं पत्र. मी ते रोपवाटिकेच्या खोलीत खिळ्याला लावलं. यांनी ते वाचलं आणि म्हणाले की दादांनी एकही कलम चुकीचं लिहिलेलं नाही. (हे नेहमी खरं बोलतात. संसारात त्याचा त्रास होतो.)

आता आमच्या मिस्त्रींबद्दल. त्यांना सगळे "आकडेमिस्त्री" म्हणतात, कारण ते आकड्यांखेरीज बोलत नाहीत. बॉनेट उघडतात, आत डोकं घालतात, बाहेर काढतात आणि म्हणतात, "साडेचार." म्हणजे साडेचार हजार. तुम्ही तोंड वाकडं केलंत तर पुन्हा डोकं आत घालतात आणि येतात, "तीन." म्हणजे जुन्या गाडीचा काढलेला भाग चालेल. त्याहून कमी हवं असेल तर ते नुसते तुमच्याकडे बघत राहतात, आणि त्या बघण्यात सगळं येतं. त्यांच्या बायकोनं एकदा मला सांगितलं की लग्न ठरवताना मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हा हे "दोन" म्हणाले, आणि त्याचा अर्थ तिला अजून कळलेला नाही.

अशा माणसाला दुखणं समजावून सांगायचं म्हणजे आमच्या घरची भाषा त्यांना शिकवावी लागली. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते. आमच्या गाडीच्या प्रत्येक आवाजाला आम्ही नातेवाईकांची नावं दिलेली आहेत. पुढच्या चाकाचं ते घुमणं म्हणजे थोरली आत्या, कारण तीही स्वयंपाक करताना अशीच एका सुरात गुणगुणायची. सायलेन्सर म्हणजे काका, सकाळी खोकणारे. ब्रेक म्हणजे माझी नणंद. (हे पत्र तिला दाखवू नकोस.) आणि हँडब्रेक ओढलेला राहिला आणि तशीच गाडी चालवली तर मागून जी बारीक कुरकुर यायची ती धाकटी मावशी, स्वतःहून कधीच सांगणार नाही की काय दुखतंय, पण ऐकवत राहणार. मी या गाडीत काटे आणि दिवे कधी बघितलेच नाहीत. तसेही ते पाच वर्षांपूर्वी बंद पडले. मी सगळी गाडी कानानं चालवायचे. मिस्त्रींना पहिल्यांदा "तिसऱ्या गिअरला आत्या येते" असं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. महिन्याभरात मात्र ते स्वतःच गाडीभोवती एक फेरी मारून म्हणायला लागले, "आत्या, दीड. काका, आठशे."

तर मी तुझी यादी त्यांच्या हातात दिली, आणि दादा, खरं सांगते, इतकी उपयोगी वस्तू तू मला आजवर दिलेली नव्हतीस. ते तुझी यादी वरून खाली बघत गेले आणि एकेक कलम खोडत गेले. रेडिएटर नवा न घेता झाळून घेतला. क्लचप्लेट मात्र नवी टाकली, तिथे ते नुसते बघत राहिले. पाटे काढून लोहाराकडे पाठवले, त्यानं तापवून पुन्हा कमान आणून दिली. (पाटे डावीकडेच का बसले यावर मिस्त्रींनी यांच्याकडे बोट दाखवलं. हे बावीस वर्षं डावीकडे बसतात हे खरं, पण यांचं वजन बावन्न किलो. दोन दिवस हे मिस्त्रींशी बोलले नाहीत. मिस्त्रींच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही.) इंजेक्टर साफ झाले, सायलेन्सरला ठिगळ लागलं, हौद्यात खालून नवी पट्टी मारून घेतली. फक्त हौद्याचा उजवा मागचा कोपरा मी मारू दिला नाही. तिथे इतक्या वर्षांची माती साचून एक टोमॅटोचं रोप आपलं आपणच उगवलंय आणि त्याला फळ धरलंय. माझ्या चार हजार रोपांत न लावता आलेलं तेवढं एकच.

एकूण आकडा निघाला सदतीस. तुझे त्र्याऐंशी, माझे सदतीस. इस्पितळाचं आगाऊ आलेलं त्यात गेलं आणि यांनी त्यांची रंगांची मोठी पेटी घेण्याचा बेत पुढे ढकलला. (चित्रकलेच्या मास्तरांनी निवृत्तीनंतर तरी चित्रं काढावीत, असं मीच त्यांना म्हणाले होते. आता सहा रंगांत भागवतायत. म्हणतात आकाश तसंही एकाच रंगाचं असतं.) दहा कलमं खोडली गेली. अकरावं, म्हणजे स्टार्टर, तेवढं राहिलं. तपासणीला इंजिन चालू ठेवून गेलं की स्टार्टर कोणी बघत नाही, आणि पैसेही संपत आले होते, असं त्याचं कारण समज.

तपासणीच्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजातून ताब्यात घेतली. उतारावरून सोडली, सुरू झाली, आणि मी रस्त्याला लागले तर काय, गाडीत चिटपाखरू नाही. आत्या नाही, काका नाहीत, नणंद नाही. इतकी शांतता की शेजारी बसलेल्या यांचा श्वास मला बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू आला. मला खरंच कसंतरी झालं. भरल्या घरातून सगळे एकदम उठून गेले तर जसं होईल तसं. पण छाती फुगवून चालवत राहिले. गाडी जरा जड चालतेय असं वाटलं, ते नव्या क्लचमुळे असेल म्हणून सोडून दिलं. सहा किलोमीटरवर तपासणी केंद्र. मी ऐटीत फाटकातून आत शिरले, आणि मागच्या चाकांतून धूर येत होता.

तुझ्या आता लक्षात आलं असेल. हँडब्रेक अर्धवट ओढलेलाच होता. दुसरा कोणी असता तर त्यानं निदान लीव्हर पाहिला असता. मी मावशीची वाट पाहत होते. मावशी कुरकुरली नाही म्हणजे हँडब्रेक सुटलेला आहे, हा माझा बावीस वर्षांचा हिशेब. आणि मिस्त्रींनी ब्रेकला नवे लायनर घालून मावशीचं तोंड कायमचं बंद करून ठेवलेलं. नवे कोरे लायनर मी सहा किलोमीटर भाजत आणले होते. आणि तिथली मुख्य परीक्षा कुठली, तर चढावर गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, पाय उचलायचा, आणि गाडी बोटभरही मागे सरकता कामा नये. तापलेला ब्रेक धरत नाही, एवढं मलाही कळतं. माझी पाचावर धारण बसली.

मग मी जे केलं ते तुझ्या कारखान्यात चौतीस वर्षांत कोणी केलं नसेल. मी रांगेत मागून येणाऱ्यांना पुढे जायला सांगायला लागले. या, तुम्ही या आधी, आम्हाला घाई नाही. पाच गाड्या पुढे सोडल्या. लोक म्हणाले, काय सुसंस्कृत बाई आहे. ब्रेक निवायला वेळ हवा होता. पण इकडे इंजिन बंद करायची सोय नाही, कारण बंद केलं की "टक्". आणि उभ्या उभ्या चालू ठेवलं तर झाळलेला रेडिएटर तापणार. म्हणजे मागचं निवेपर्यंत पुढचं उकळणार, आणि मी मधे. यांनी अंगणातल्या नळावरून झारी भरून आणली, पण तापल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, तेव्हा हे झारी हातात धरून तसेच उभे. मग मला आठवलं की गाडीत हिवाळ्यासाठी हीटर आहे, आणि तो लावला की इंजिनाची उष्णता आत येते. लावला. भर उन्हाळ्यात, दुपारी बारा वाजता, काचा खाली, हीटर पूर्ण जोरात. आम्ही दोघं त्या गरम वाऱ्यात चाळीस मिनिटं बसलो. यांचा चष्मा घामानं घसरत होता. हे अधूनमधून सीटखाली बघून मला एक प्रश्न विचारत होते आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होते. (प्रश्न काय होता ते नंतर.) मी मनात त्या खिडकीतल्या तीन कुंड्या मोजत होते.

आणि नंबर आला. तपासणीचे साहेब म्हणजे एक उंच, वाळके गृहस्थ, हातात लांब दांड्याची हातोडी. ते काही बोलायच्या आधी गाडीखाली वाकून ठोकतात आणि कान देऊन ऐकतात. ते पाहिलं आणि माझा निम्मा जीव भांड्यात पडला. हा आपला माणूस, कानाचा माणूस. त्यांनी चासी ठोकली, पाटे ठोकले, हौदा ठोकला. धुराच्या नळीत यंत्राची नळी घातली, आकडा मर्यादेच्या आत. (किती आत ते विचारू नकोस. आत.) मग हौद्याच्या कोपऱ्यात येऊन थांबले आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, टोमॅटो. ते म्हणाले, माल आहे का? मी म्हटलं, नाही, हा गाडीचाच भाग आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

मग म्हणाले, चढावर घ्या, आणि शेजारचे गृहस्थ खाली उतरू देत. दादा, आता एक गोष्ट तुझ्या यादीत नव्हती. गाडीच्या डाव्या दाराची कडी एकोणीस वर्षांपूर्वी तुटली, आणि तेव्हापासून ते दार हे हातानं धरून बसतात. तुला वाटत आलं की माझ्या चालवण्याला घाबरून धरतात. नाही. ते कडीचं काम करतात. चौतीस वर्षं माल तपासलेल्या माणसालाही दिसलं नाही, कारण यांनी कधी तक्रार केली नाही. तर हे उतरले, दाराकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं, आणि दार सोडलं. दार सताड उघडलं. साहेबांनी ते पाहिलं. मी दात आवळून गाडी चढावर घेतली. नाक वर झालं तसं ते दार आपल्या वजनानं मागे आलं आणि धप्पदिशी बसलं. मी हँडब्रेक ओढला, पाय उचलला, आणि डोळे मिटले.

बोटभर नाही. केसभर नाही. गाडी त्या चढावर अशी उभी राहिली की जणू ती तिथेच उगवलीय. साहेबांनी हातातल्या घड्याळाकडे बघत एक मिनिट काढलं. मी सत्तावन्न वर्षांची बाई आहे, दोन बाळंतपणं काढलीत, पण इतकं लांब मिनिट मी पाहिलेलं नाही. मग त्यांनी पुढे घ्या म्हणून हात केला. चढापलीकडे उतार, उतारावर नाक खाली, म्हणजे दार पुन्हा उघडणार. आणि पलीकडे पाहते तर हे आधीच वळसा घालून धावत जाऊन उभे. बासष्टाव्या वर्षी, हातात झारी घेऊन. दार उघडत आलं ते यांनी अलगद झेललं आणि चालत्या गाडीबरोबर चालत राहिले. साहेब हातोडी टेकवून बघत होते. म्हणाले, "बाई, गाडी पास आहे. कडी पंधरा दिवसांत बसवून घ्या. यांना आता सोडवा."

पास, दादा. शिक्क्यासकट पास, वर्षभरासाठी. मी तिथेच रडले, आणि मग यांनी आणलेली झारी डोक्यावर ओतून घेतली म्हणून कोणाला कळलं नाही. परत येताना गॅरेजासमोर थांबले (उतारावर) आणि आकडेमिस्त्रींना कागद दाखवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. मला वाटलं आता काहीतरी आकडा येणार. ते म्हणाले, "चांगली गाडी आहे." त्यांची बायको आतून बाहेर बघायला आली, कोण बोललं म्हणून.

कडी दुसऱ्या दिवशी बसवली, आठशे. हे अजून सवयीनं दार धरूनच बसतात. सहाशे झुडपं सोळा खेपांत इस्पितळात पोचली आणि सगळी जगली. रोपवाटिका चालू आहे, चालू राहणार आहे, आणि तुझ्या शेजारचा तो फ्लॅट तू आता खुशाल दुसऱ्या कोणाला सांग. तुझी यादी मी फ्रेम करून खिळ्याला परत लावली आहे, दहा कलमं खोडलेली. त्यातला "विका" हा शब्द मात्र आता नव्या गिऱ्हाइकांना रोपांबद्दलची सूचना वाटतो. माझं म्हणणं संपलं. मी जिंकले. मोठ्यांचा मान राखून इतकंच लिहिते, की तू हरलास.

तुझी धाकटी

ता. क. पाकिटावर तिकीट शोधू नकोस. हे पत्र दाराच्या फटीतून आत सरकवतेय. आम्ही तुझ्या फाटकासमोर आहोत, सव्वा वाजल्यापासून. दोनशे दहा किलोमीटर, वाटेत दोन थांबे, दोन्ही उतारावर. तू झोपला होतास आणि घंटा बंद होती, म्हणून वेळ घालवायला लिहायला बसले, नाहीतर इतकं लांब पत्र मी कोणाला लिहीत नाही. वहिनी मागच्या दारानं येऊन दोनदा चहा देऊन गेली. म्हणाली, तोंडावर वर्तमानपत्र ठेवून झोपलाय. पायपुसण्यावर टोमॅटो ठेवलाय त्यावर पाय देऊ नकोस, गाडीचा आहे.

ता. क. दोन. फाटकासमोर आल्यावर मी ऐटीत इंजिन बंद केलं. कशाला केलं विचारू नकोस, विजयाच्या भरात माणूस करतो. तुझी गल्ली सपाट आहे हे नंतर आठवलं. आता चावी फिरवली की "टक्", पुढे काही नाही. गाडी तुझ्या फाटकात आडवी आहे, म्हणजे तुझी गाडी निघणार नाही, आणि पाच वाजता तुझा पत्त्यांचा डाव असतो. मी, हे आणि वहिनी अशा तिघांनी ढकलून पाहिली. हलत नाही. चौथा माणूस लागतो. त्या पायरीवरून या वेळी खाली उतर. धुण्याचं नंतर बघू, ते मी सोडलेलं नाही.

ता. क. तीन. त्या "टक्"लाही आमच्याकडे एक नाव आहे, ते मघाशी मुद्दाम लिहिलं नाही. नाव दादा. तू नाही म्हणायच्या आधी जीभ जशी वाजवतोस तसाच तो आवाज आहे, आणि पुढे तशीच शांतता. सात महिने तू बोलला नाहीस, पण रोज सकाळी चावी फिरवली की निदान तो आवाज व्हायचा. मला तुझी फार आठवण येत होती.

ता. क. चार, आणि हे शेवटचं. पैसे संपले होते म्हणून स्टार्टर राहिला, हे वर लिहिलंय ते खोटं आहे. नवा स्टार्टर तपासणीच्या आधीच घेतलाय, सीटखाली खोक्यात आहे. त्या दिवशी हीटरच्या वाऱ्यात हे तेच विचारत होते, हे खोकं आता तरी मिस्त्रींकडे नेऊन देऊ का म्हणून. मिस्त्री अर्ध्या तासात बसवून देणार होते, मी बसवू दिला नाही. अकरावं कलम तुझं आहे, तूच खोड. चौदा नंबरचा पाना तुझ्या जिन्याखालच्या पेटीत होता, वहिनीनं काढून ठेवलाय. तुला चार दिवस लागतील असं आम्ही धरून चाललोय, तशा चार दिवसांच्या पिशव्या आणल्यात. चार वाजले. घंटेचं बटण चालू कर, मी फाटकापाशी उभी आहे.